उपनगराचा पुनर्विकास : सुरुवात गल्लीपासून



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी व्याख्यानमालेला या शाळेच्या सभागृहात जमतो, ते हयातभर गृहनिर्माण मंडळाच्या एका चार मजली इमारतीत राहिले. त्या इमारतीला आता पत्रे लागले आहेत. दारावर विकासकाचा फलक आहे आणि रहिवासी भाड्याच्या घरात गेले आहेत. म्हणून या वर्षी मी साहित्य किंवा इतिहासावर न बोलता आपल्या पायाखालच्या जमिनीवर बोलायचं ठरवलं. येत्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईची उपनगरं कशी होणार, याचा निर्णय आत्ता होतो आहे. आणि तो एकेका सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, एकेका फाइलीत, सुटासुटा होतो आहे. माझी तक्रार या सुटेपणाबद्दल आहे.

मुंबईच्या उपनगराची मूळ कल्पना बंगला आणि बागेची नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 1896 साली प्लेग आला. त्यानंतर 1898 मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि त्याने पुढे शेतजमिनी घेऊन दादर, माटुंगा भागात आखीव वस्ती उभी केली. ती शहराबाहेरची वस्ती होती, पण घरं मात्र फ्लॅटची होती. दोन-तीन मजल्यांच्या इमारती, प्रत्येक घरात स्वतःचा संडास आणि मोरी, समोर झाडं लावलेला रस्ता, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर बाग. निखिल राव यांनी या घडणीवर एक उत्तम ग्रंथ लिहिला आहे. माटुंग्यात नोकरदार मध्यमवर्ग फ्लॅटमध्ये राहायला कसा शिकला, हे त्यातून समजतं. हिंदू कॉलनीतून किंवा पाच उद्यानांच्या बाजूने आजही संध्याकाळी चाललं की लक्षात येतं की तिथे प्रत्येक इमारतीच्या आधी रस्ता आणि बाग ठरली होती.

दुसरी घडण 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याची. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले या भागांतल्या नगररचना योजना त्याच परंपरेतल्या. त्यांची रीत साधी आणि न्याय्य होती. वाकड्यातिकड्या शेतांच्या मालकांची जमीन कागदावर एकत्र करायची, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांसाठी प्रत्येकाकडून वाटा घ्यायचा आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. कुणी किती सोडायचं, कुणाला किती मोबदला, हे लवाद ठरवी. मालकी सरकारकडे जात नसे, बिल्डरकडेही जात नसे. सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं, म्हणून सगळ्यांच्या जमिनीला रस्ता मिळाला. या रीतीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या आजच्या मागणीचं मूळ तिच्यात आहे.

पुढचा काळ भराभर सांगतो. 1925 साली हार्बरवर विजेची गाडी आली, 1928 मध्ये ती चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत गेली. 1950 आणि 1957 साली मुंबईची हद्द दोनदा वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची गावं महापालिकेत आली. 1990 मध्ये उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. 2001 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात 33.38 लाख माणसं होती. 2011 मध्ये ती 30.85 लाखांवर आली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा 86.40 लाखांवरून 93.57 लाखांवर गेला. दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरात राहतात. तरीही आपण कुलाबा-गिरगावकडे जाताना 'मुंबईला जातो' म्हणतो आणि महापालिकाही पुष्कळदा तशीच वागते. खरं शहर आता इथे आहे, हे मान्य करून उपनगराची आखणी शहरासारखी व्हायला हवी.

आता आपल्या वसाहतींकडे वळू. घाटकोपरचं पंतनगर, चेंबूरचं टिळकनगर, कुर्ल्याचं नेहरूनगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने गिरणी कामगार, कारखान्यांतले कामगार, कारकून यांच्यासाठी अशा वसाहती बांधल्या. 1977 पासून त्या म्हाडाकडे आहेत. खोल्या लहान होत्या. दोनशे चौरस फुटांच्या आसपास घर, त्यात आई-वडील, तीन-चार मुलं, गावाहून आलेला काका. मात्र आखणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट जाणून केली होती. इमारती सुट्या ठेवल्या, मधे मोकळी जागा सोडली, मंडईला, शाळेला, दवाखान्याला भूखंड राखले. घर लहान आणि अंगण मोठं, असा तो व्यवहार होता. पोरं अभ्यासाला जिन्यात बसत, गणपती अंगणात बसे, लग्नाचा मांडव तिथेच पडे. दोन इमारतींच्या मधून वाट काढत माणूस पाच मिनिटांत मंडईत पोहोचे. त्या वाटेला नकाशात नाव नव्हतं, पण सगळी वसाहत तिच्यावरून चाले.

या इमारती पाडून नव्या उभ्या राहाव्यात, याला माझा विरोध नाही. उलट पाठिंबा आहे. स्लॅबचे गज उघडे पडलेत, दर पावसाळ्यात प्लास्टर कोसळतं. दोनशे फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला मोठं घर मिळतं, त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. रेल्वे आणि मेट्रोच्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर जास्त माणसं राहावीत, हेही शहाणपणाचंच आहे. इथे घरं वाढली नाहीत तर तरुण जोडपी बदलापूरला, विरारला जातात आणि रोजचे तीन तास गाडीत घालवतात. दाटीला आपण उगाच घाबरतो. माटुंगा दाट आहे, गिरगाव दाट होतं. प्रश्न असतो तो दाटीबरोबर आणखी काय काय वाढतं याचा.

म्हाडा वसाहतीतली एक गल्ली घ्या. समजा, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा इमारती आहेत आणि प्रत्येकीत चाळीस घरं. एक सोसायटी पुनर्विकासाला जाते. विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(5) या तरतुदीनुसार जुन्या रहिवाशाला किमान 35 चौरस मीटरचं घर मिळतं. तो खर्च भरून निघावा म्हणून विकासकाला विक्रीची घरं बांधायला मिळतात. चाळीसाच्या जागी शंभर घरं होतात. फाइलीत सगळं नीट असतं. पाणी खात्याची परवानगी, मलनिस्सारणाची, अग्निशमन दलाची, प्रत्येक कागद त्या शंभर घरांपुरता बरोबर. वर्षभराने शेजारची सोसायटी जाते, तिचीही फाइल बरोबर. दहा वर्षांत गल्लीत चारशेची हजार कुटुंबं होतात. चारशेवरून हजारावर नेणारी एकही फाइल मात्र कुठल्याच टेबलावर नसते. त्या बेरजेचा नकाशा कुणी काढलेला नसतो. गटाराचं पाइप तेच, बालवाडीच्या जागा तेवढ्याच, फुटपाथ तोच आणि त्यावर आता दुचाक्या.

या सुटेपणाला इतिहास आहे. 1964 च्या सुमारास एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करायचं हा आकडा, आपल्या नियोजनात आला. त्यानंतर हळूहळू शहराविषयीची सगळी चर्चा त्या एका आकड्यात येऊन अडकली. 1991 च्या नियमावलीने टीडीआर आणला. बेटावरच्या शहरात कुणी आरक्षणाची जमीन सोडली तर तिचा बांधकाम हक्क उपनगरात वापरायचा, अशी ती व्यवस्था होती. दक्षिणेचं ओझं उत्तरेला गेलं. पार्ल्यात, मुलुंडात, चेंबूरमध्ये इमारती वाढल्या, त्या तिथे सोय होती म्हणून नव्हे, तर तिथे जागेला भाव होता म्हणून. 2034 च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नियमावलीने एक चांगली गोष्ट केली. जादा एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी जोडला, 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला तो नाकारला. तत्त्व योग्य आहे. पण रुंदी मोजली जाते ती इमारतीच्या फाटकासमोर. फाटकासमोर रस्ता 12 मीटर आणि पुढे स्टेशनजवळ तोच फेरीवाल्यांमधून 5 मीटरवर येतो, हे टेपने कुणी मोजत नाही. माणूस तर फाटकापासून स्टेशनपर्यंत चालतो.

शिरीष पटेल यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. नवी मुंबईची कल्पना 1965 साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर मांडणारे हे अभियंते. उत्तर आयुष्यात त्यांनी चिकाटीने एक मुद्दा लावून धरला. एफएसआय आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका माणसाच्या वाट्याला घराबाहेरची किती जमीन येते, रस्ता, मैदान, शाळा मिळून किती, हे मोजल्याशिवाय बांधकामाचा आकडा ठरवू नये. त्यांच्या लेखांमधली कोष्टकं कोरडी वाटतात, पण आपल्या गल्लीत उभं राहून वाचली की प्रत्येक आकड्याला चेहरा मिळतो. राज्यकर्त्यांनी त्यांचं ऐकलं नाही, याचं मला दुःख आहे.

आता तळमजल्याकडे या. नव्या टॉवरचा सगळ्यात मोठा तोटा तळमजल्यावर होतो. जुन्या इमारतीच्या तळाला जिन्याखाली इस्त्रीवाला होता, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, शेजारी केशकर्तनालय, रेशनचं दुकान, संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायका. रस्त्याला चोवीस तास घरची माणसं दिसत. नवीन इमारतीच्या तळाला गाड्यांचे खांब असतात. त्यावर दोन-तीन मजले पोडियम, म्हणजे पुन्हा गाड्या. माणसांची पहिली खिडकी चौथ्या-पाचव्या मजल्यावर. बाहेरून दोन मीटर उंच कंपाउंड भिंत, फाटकाशी पहारेकरी आणि नोंदवही. दहा सोसायट्यांच्या दहा भिंती उभ्या राहिल्या की ती मधली वाट संपते. मंडईला जायला आता पूर्ण गल्ली वळसा घालून मुख्य रस्त्यावर जावं लागतं. तरुण माणूस जाईल. गुडघे दुखणारी आजी जात नाही, ती फोनवरून भाजी मागवते, आणि मग महिनोन्‌महिने गल्ली तिला पाहत नाही.

इस्त्रीवाल्याचं आणि गिरणीवाल्याचं काय होतं, हे विचारून बघा. त्यांच्याकडे गाळ्याचा कागद असेल तर काही मिळतं, नसेल तर काही नाही. हजार कुटुंबांच्या गल्लीला दळण लागतं, कपड्यांना इस्त्री लागते, चप्पल शिवणारा लागतो. त्यांना जागा नाही म्हणून ते फुटपाथवर येतात आणि मग आपणच तक्रारीचं पत्र लिहितो.

मोकळ्या जागेचं गणित तर मी दोनदा सांगेन, इतकं ते महत्त्वाचं आहे. नियमानुसार 1001 ते 2500 चौरस मीटरच्या भूखंडावर 15 टक्के जागा खेळ-मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते, 2501 ते 10,000 पर्यंत 20 टक्के आणि त्यापुढे 25 टक्के. 1000 चौरस मीटरपर्यंत मात्र काहीच नाही. आता आपल्या गल्लीतले दहा भूखंड प्रत्येकी 900 चौरस मीटरचे आहेत असं धरा. सुटे मोजले तर मोकळ्या जागेची सक्ती शून्य. तेच दहा भूखंड एक धरले, 9000 चौरस मीटर, तर 20 टक्क्यांनी 1800 चौरस मीटर जमीन मोकळी सुटते. म्हणजे 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद मैदान. कबड्डीची दोन मैदानं मावून, भोवती म्हाताऱ्यांना फेऱ्या मारायला वाट राहील आणि गणपतीला मांडव पडेल. जमीन तीच, माणसं तीच, नियमही तोच. फरक इतकाच की मोजताना भूखंड धरला की गल्ली धरली.

आणि ती जागा जमिनीवरच हवी. 2013 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्याच एका खटल्यात सांगितलं की सक्तीची मोकळी जागा पोडियमच्या छतावर दाखवून चालणार नाही. याचं कारण झाडाला विचारा. वसाहतींमधले जुने वर्षावृक्ष, गुलमोहर साठ वर्षांत वाढले, कारण त्यांच्या मुळांखाली माती होती. भूखंडाच्या काठापर्यंत तळघर खणलं आणि वर फरशी घातली की लावलेलं रोप कुंडीतच राहतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. त्या दिवशी मातीची किंमत कळली, ती वीस वर्षांत विसरावी इतकी लहान गोष्ट नाही.

इलाज म्हणून मोठे समूह पुनर्विकास पुढे केले जातात. सगळी वसाहत एका विकासकाला द्या, तो रस्तेही करेल आणि मैदानही करेल. गोरेगावच्या मोतीलाल नगरसारख्या सव्वाशे एकरांहून मोठ्या वसाहतीत हाच मार्ग धरला गेला आहे. मला यात धोका दिसतो. शेकडो इमारतींचं भवितव्य एका ताळेबंदाला बांधलं जातं. बाजार पडला की सगळेच अडकतात, आणि रहिवाशाला वाटाघाटीची ताकद राहत नाही. एका भूखंडाचा आवाका फार लहान, सव्वाशे एकरांचा फार मोठा. मधला आवाका गल्लीचा आहे. आठ-दहा सोसायट्या, दीडदोन हेक्टर, ज्यांतली माणसं एकमेकांना नावाने ओळखतात.

माझी मागणी अशी आहे. गल्लीचा आराखडा एक असावा, बांधणारे हवे तितके. प्रत्येक सोसायटीने आपला विकासक निवडावा किंवा स्वयंपुनर्विकास करावा. त्यासाठी 2019 चा शासन निर्णय आहे आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्जही देते. पण जमिनीच्या पातळीवर काय असेल, ते मात्र सर्वांनी मिळून आधी ठरवावं. वाट कुठून जाईल, मैदान कुठे, दुकानांचे गाळे कुणासाठी, पावसाचं पाणी मुरायला कोणती पट्टी मोकळी, गाड्या कुठे एकत्र. भिंती नसल्या तरी चालेल, असल्या तर मांडीइतक्या. जी वाट राहील ती मालमत्तेच्या कागदावर सार्वजनिक हक्काची म्हणून नोंदवावी, म्हणजे उद्या नवीन कमिटीला फाटक लावता येणार नाही.

बेलापूरमध्ये कोरियांनी 1980 च्या दशकात कलाकार वस्ती बांधली, ती या विचाराला जवळची आहे. तिथे सात घरांनी मिळून एक अंगण वाटून घेतलं, अशा तीन गटांनी मिळून आणखी मोठं अंगण. घर लोकांनी पुढे वाढवलं, बदललं, काही ठिकाणी अनोळखी होईल इतकं बदललं, पण अंगणं राहिली. कारण ती कुणा एकाच्या भूखंडात नव्हती. तिथली दाटी आपल्या टॉवरांच्या मानाने कमी आहे, हे मान्य. पण मधल्या जागेची मालकी वाटून ठेवण्याची शिस्त दहा मजल्यांनाही लागू पडते.

दहा सोसायट्या एकमत होणार कशा, असं मला नेहमी विचारलं जातं. एका सोसायटीचं एकमत व्हायला आठ वर्षं लागतात, हा अनुभव खरा आहे. म्हणून तर 1915 च्या कायद्यातला लवाद आठवावा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेचं स्वतंत्र प्रकरण आजही आहे, लवादाची तरतूद आहे. मोकळ्या शेतांसाठी घडवलेली ही रीत आपण बांधलेल्या वसाहतीला लावून बघायला हवी. भूखंडांच्या सीमा थोड्या सरकवायच्या, कमीजास्त झालेल्याचा मोबदला लवादाने ठरवायचा. सहकार कायद्यात सोसायट्यांना संघ स्थापन करता येतो, तो गल्लीचा संघ हे काम पुढे नेईल.

म्हाडाच्या वसाहतीत तर हे आणखी सोपं असायला हवं. जमीन म्हाडाची. मूळ आखणी म्हाडाच्या पूर्वसुरींची. जादा बांधकामाचा प्रीमियम घेणारी म्हाडा, आणि 2018 पासून त्या वसाहतींत बांधकाम परवानगी देणारीही म्हाडाच. चारही गोष्टी एका छताखाली असताना वसाहतीचा सलग आराखडा का होऊ नये, याचं पटेल असं उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही. आणि त्या प्रीमियमचा प्रश्नही विचारायला हवा. मुंबईत जादा एफएसआयपोटी गोळा होणारे पैसे राज्य सरकार, महापालिका आणि काही बड्या प्रकल्पांमध्ये वाटले जातात. ज्या गल्लीवर हजार कुटुंबांचा भार पडला, तिच्या गटारासाठी आणि बालवाडीसाठी त्यातला ठरावीक हिस्सा राखून ठेवला पाहिजे. असा हिस्सा राखणारा नियम झाला तर बाकीच्या अर्ध्या मागण्या मी सोडून द्यायला तयार आहे.

गल्लीचा आराखडा झाला की आणखी एक गोष्ट साधते, जिच्याकडे फार कमी लोक पाहतात. आज इमारत पडली की तीन-चार वर्षं कुटुंबं विखुरतात. मुलाची शाळा सुटते, आजारी माणसाचा डॉक्टर सुटतो, भाडं वेळेवर आलं नाही की अब्रूची पाळी येते. काही घरं परत येतच नाहीत, ताबा मिळण्याआधी विकून जातात. दहा सोसायट्यांचा क्रम लावता आला तर पहिली इमारत मोकळ्या भागात बांधायची, शेजारच्या सोसायटीतले रहिवासी तात्पुरते तिच्या विक्रीच्या भागात ठेवायचे, मग त्यांची इमारत पाडायची. वेळ जास्त लागेल, विकासकाचं गणित जरा अवघड होईल. पण रहिवासी त्याच गल्लीत राहतील, आणि मुलं त्याच शाळेत जातील.

या सभागृहात निदान सात सोसायट्यांचे पदाधिकारी बसले आहेत, मला दिसताहेत. देकारपत्रावर सही करण्याआधी एक काम करा. म्हाडाकडून वसाहतीचा मूळ नकाशा मागा, तो माहितीच्या अधिकारात मिळतो. त्यावर आजच्या सगळ्या वाटा पेन्सिलने काढा. स्टेशनची, मंडईची, शाळेची. झाडं मोजा. गिरणीवाला, इस्त्रीवाला, चांभार कुठे बसतो ते लिहा. कुठल्या जागी पावसात पाणी साठतं ते जुन्या रहिवाशांना विचारून खूण करा. मग दहाही सोसायट्यांच्या फाइलींमधले नवीन घरांचे आकडे एका खाली एक लिहून बेरीज करा आणि तो नकाशा, ती बेरीज घेऊन म्हाडाच्या अभियंत्यांना आणि प्रभागातल्या महापालिका अभियंत्यांना याच शाळेत एका संध्याकाळी बोलवा. सभागृह मिळवून देण्याची जबाबदारी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी घेतली आहे, त्यांच्याशी मी आजच बोललो आहे. पहिल्या सोसायटीचं सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, निघायच्या आत ही सभा व्हायला हवी, कारण एकदा पायाचं खोदकाम सुरू झालं की मधली वाट नकाशात परत आणता येत नाही.